योजनेत बसतं का?

29 ऑगस्ट 2023 रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी उपोषणाला बसले. 1 सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि जालना जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसलेलं हे गाव एका रात्रीत राज्यभर पोचलं. पुढचे दोन आठवडे त्या मंडपातून राजकारणाच्या बातम्यांसोबत आणखी एक बातमी यायची. आज रक्तदाब किती, साखर किती, पाणी घेतलं का, सलाईन लावू दिलं का. 14 सप्टेंबरला, सतराव्या दिवशी, उपोषण सुटलं. तोवर एका माणसाच्या शरीराचे आकडे अख्ख्या महाराष्ट्राला तोंडपाठ झाले होते.

मागण्यांच्या वादात न शिरता त्या मंडपातली एकच गोष्ट मला इथे हवी आहे. डॉक्टर यायचे, तपासायचे, सल्ला द्यायचे आणि तो मानायचा की नाही हे उपोषणाला बसलेला माणूस ठरवायचा. वैद्यकीय नीतीही हेच सांगते. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या 1991 च्या माल्टा जाहीरनाम्यानुसार डॉक्टरने उपोषणकर्त्याला धोका स्पष्ट सांगायचा, त्याच्यावर कुणाचा दबाव तर नाही ना याची खात्री करायची आणि त्याने समजून-उमजून नकार दिला असेल तर बळजबरीने अन्न द्यायचं नाही. मत डॉक्टरचं, निर्णय माणसाचा.

आता त्याच गावातला पंचावन्न वर्षांचा एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. कापूस वेचताना छातीत कळ येते, बसलं की थांबते. महिनाभर तो अंगावर काढतो. मग मुलगा त्याला मोटारसायकलवर वडीगोद्रीला आणतो आणि तिथून गाडी धुळे-सोलापूर महामार्गाने छत्रपती संभाजीनगरला निघते. अँजिओग्राफी होते, डॉक्टर म्हणतात, ‘ब्लॉकेज आहे, स्टेंट टाकावा लागेल.’ त्यावर घरच्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘साहेब, योजनेत बसतं का?’

स्टेंट लागेलच का, गोळ्यांवर भागेल का, थांबलो तर काय होईल, हे प्रश्न मागे पडतात. बसत असेल तर करून टाकायचं, बसत नसेल तर बघू. या माणसांना मी दोष देणार नाही. ज्याच्या घरात एका ऑपरेशनने जमीन गहाण पडते त्याने आधी पैशाचंच विचारायचं. पण उपचाराचा निर्णय तिथेच अर्धाअधिक होऊन जातो. तो डॉक्टरच्या ज्ञानाने जितका ठरतो, तितकाच कुठल्या तरी यादीतल्या एका ओळीने ठरतो. ती ओळ कुणी लिहिली, कशी वापरली जाते आणि ती कशाला पैसे देते, कशाला देत नाही, हे कळल्याशिवाय आपल्या आजारपणात नेमकं काय घडतंय हे कळत नाही.

गरिबांच्या मोठ्या ऑपरेशनसाठी महाराष्ट्रात 1997 पासून जीवनदायी योजना होती. 2007 साली आंध्र प्रदेशात आरोग्यश्री योजना आली. तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी स्वतः डॉक्टर होते. त्याच धर्तीवर 2 जुलै 2012 रोजी आपल्याकडे आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि 21 नोव्हेंबर 2013 पासून ती राज्यभर लागू झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण, यादीत 972 उपचार. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पुढे दोन्ही एकत्र चालू लागल्या. सुरुवातीला पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागायचं. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांत मात्र पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून लाभ मिळे, आणि त्या चौदांत जालना होता. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने कार्डाच्या रंगाची अट काढली, रक्कम पाच लाख केली, उपचार 1356 केले. प्रत्यक्षात हे 1 जुलै 2024 पासून लागू झालं.

हॉस्पिटलच्या दाराशी आरोग्यमित्राचं टेबल असतं. तो कार्ड बघून नोंद करतो. उपचार करणारा डॉक्टर निदान लिहितो, यादीतल्या कोणत्या पॅकेजात ते बसतं ते निवडतो आणि रिपोर्टसकट पूर्वपरवानगीचा अर्ज ऑनलाइन पाठवतो. हॉस्पिटलच्या भाषेत ही ‘प्रीऑथ’. पलीकडे संगणकासमोर दुसरा डॉक्टर बसलेला असतो. त्याने रुग्ण पाहिलेला नसतो, तो कागद पाहतो. अँजिओग्राफीत अडथळा खरंच किती आहे, एक्स-रेवरचं नाव जुळतं का, अमुक तपासणी का जोडली नाही. काही कमी असेल तर ‘क्वेरी लागते’ आणि इकडे वॉर्डात नातेवाईक एकमेकांना विचारत राहतात, ‘अ‍ॅप्रूव्हल आलं का?’ अत्यवस्थ रुग्णासाठी फोनवर कळवून आधी उपचार सुरू करण्याची सोय आहे, गरज पडली की ती मागावी.

या न दिसणाऱ्या डॉक्टरविषयी लोकांच्या मनात राग असतो. मला तो पूर्ण पटत नाही. समोरच्या डॉक्टरला ऑपरेशनचे पैसे मिळतात, पडद्यामागच्याला मिळत नाहीत. त्यामुळे ‘हे खरंच गरजेचं आहे का’ हा प्रश्न विचारणारा कधी कधी तोच एकटा असतो. कितीतरी रुग्णांसाठी, त्यांना कळत नसलं तरी, तेच सेकंड ओपिनियन असतं. त्याची मर्यादा अशी की त्याला फक्त यादी विचारता येते. यादीत जे नाही ते त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही.

आणि यादीत काय नाही? रोजची गोळी.

योजना भरती झालेल्या माणसासाठी आहे. ऑपरेशन, अतिदक्षता, केमोथेरपी, डायलिसिस, फ्रॅक्चर. यातल्या एकेका खर्चाने बुडाली असती अशी हजारो घरं या योजनेने वाचवली आहेत, त्याबद्दल मनात शंका नाही. पण आपल्या शेतकऱ्याच्या छातीतली कळ कापसाच्या शेतात एकाएकी जन्मलेली नसते. आठ-दहा वर्षं वाढलेला रक्तदाब, कधी न मोजलेली साखर, तंबाखू. त्या काळात त्याला हवी होती रोजची एक-दोन स्वस्त गोळी आणि महिन्याला कुणीतरी हाताला पट्टा बांधून बघणं. त्याला पॅकेज नाही. गोळी चुकली आणि लकवा झाला, हृदयाची नळी बंद पडली, मूत्रपिंड गेलं, की त्याला पॅकेज आहे. 2020 नंतर लागू असलेल्या यादीत 996 उपचारांना जोडून 121 पाठपुरावा सेवा होत्या, म्हणजे काही रुग्णांना पुढची औषधं आणि तपासण्याही मिळत. ऑपरेशन झाल्यानंतर.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. त्यात औषधांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात रँड या संस्थेने हजारो लोकांवर वर्षानुवर्षं एक प्रयोग केला. काही कुटुंबांना सगळे उपचार फुकट, काहींना खर्चाचा हिस्सा उचलायला लावला. ज्यांना फुकट होतं ते डॉक्टरकडे जास्त गेले, पण सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. ठळक फरक पडला तो गरीब आणि रक्तदाब असलेल्या लोकांत. त्यांचा रक्तदाब आटोक्यात आला. फुकट साध्या उपचाराचा सगळ्यात मोठा फायदा ज्याला होतो, तो नेमका आपल्या योजनेच्या यादीबाहेर उभा आहे.

तो पूर्ण वाऱ्यावर आहे असंही नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून, म्हणजे अंतरवालीचं उपोषण सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार निःशुल्क झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपरचेही पैसे नाहीत. (वैद्यकीय शिक्षण विभागाकडच्या रुग्णालयांना, म्हणजे संभाजीनगरच्या घाटीला, हा निर्णय लागू नव्हता. ‘सरकारी म्हणजे सगळं फुकट’ म्हणून घाटीत जाणाऱ्याने हे माहीत ठेवावं.) गावातला एखादा मुलगा वाळूज-शेंद्र्याच्या कंपनीत किंवा जालन्याच्या स्टील कारखान्यात महिना 21,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर असेल, तर त्याच्या पगारातून पाऊण टक्का राज्य कामगार विम्यासाठी कापला जातो. तो विमा बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही देतो, अवलंबून असलेल्या आईवडिलांनासुद्धा. पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दर महिन्याला दिसते. त्यावर वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मिळू शकतात हे त्या मुलाला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलं नसतं.

पुन्हा त्या स्टेंटकडे येऊ. हृदयविकाराचा झटका चालू असताना बंद पडलेली नळी उघडणं जीव वाचवतं, आणि तिथे मिनिटं मोजायची असतात. अंतरवालीहून संभाजीनगर गाठायला तासाहून जास्त लागतो, म्हणून 108 बोलवून जवळच्या रुग्णालयात आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळणं कित्येकदा जास्त मोलाचं ठरतं. पण आपल्या शेतकऱ्याचं दुखणं वेगळं आहे. श्रम केले की दुखतं, बसलं की थांबतं. अशा स्थिर दुखण्यावर ‘इस्केमिया’ नावाचा मोठा अभ्यास झाला. 37 देशांतले पाच हजारांहून जास्त रुग्ण त्यात होते, भारतातलेही. त्याचे निष्कर्ष 2019-20 मध्ये प्रसिद्ध झाले. नीट औषधं देऊन थांबणाऱ्यांच्या तुलनेत आधीच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांचे मृत्यू वा झटके एकूण काही वर्षांच्या हिशेबात कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र ज्यांना ते वारंवार होतं त्यांचं कमी झालं. हृदयाच्या मुख्य डाव्या नळीत अडथळा असलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते. त्यांची गोष्ट निराळी.

तेव्हा ‘स्टेंट टाकावा लागेल’ या वाक्यात ‘लागेल’ किती पक्कं आहे, हे विचारायला जागा आहे. पण गोळ्यांचा रस्ता निवडला तर महिन्याचा खर्च खिशातून, स्टेंटचा रस्ता निवडला तर योजनेतून. कुणीही लबाडी केलेली नाही, तरी पारडं एका बाजूला झुकलेलं आहे.

डॉक्टरचं मत हे थर्मामीटरच्या आकड्यासारखं पक्कं नसतं, हे डॉक्टरांनाही मान्य आहे. याचा सगळ्यात बोलका पुरावा 1934 साली न्यूयॉर्कमध्ये मिळाला. शाळेतली हजार मुलं घेतली. त्यातल्या 611 मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली 389 मुलं डॉक्टरांना दाखवली, त्यांनी 174 मुलांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना नको सांगितलं ती 215 मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी 99 जणांना सांगितलं. उरलेली 116 मुलं तिसऱ्यांदा पाठवली, तेव्हा आणखी 51. दरवेळी जवळपास निम्मी. मुलांचे घसे बदलले नव्हते, समोर आलेल्यांपैकी काहींना तरी काहीतरी असणारच, ही तपासणाऱ्याची धारणा काम करत होती. यात लोभ शोधायची गरज नाही. म्हणून दुसरं मत घेणं हा पहिल्या डॉक्टरचा अपमान नाही, हे मराठवाड्यात वारंवार सांगावं लागतं, कारण आपल्याकडे ‘डॉक्टरला काय वाटेल’ ही भीती ऑपरेशनच्या भीतीपेक्षा मोठी असते.

लोभही असतो. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेसाठी डॉ. अरुण गद्रे यांनी 78 डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. गद्रे स्वतः लासलगावात वीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ होते. या डॉक्टरांनी कट प्रॅक्टिस, अनावश्यक तपासण्या आणि मोठ्या हॉस्पिटलांची ‘टार्गेटं’ यांविषयी मोकळेपणाने सांगितलं. बाहेरच्या कुणी आरोप करण्यापेक्षा ही आतली साक्ष जास्त वजनाची आहे.

शहागडचा पूल ओलांडला की गोदावरीपलीकडे बीड जिल्हा लागतो. तिथे 2019 मध्ये जे उघड झालं ते या सगळ्याचं टोक आहे. त्या वर्षी विधान परिषदेत सरकारने सांगितलं की जिल्ह्यातल्या खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऊसतोड करणाऱ्या 82,309 महिलांची माहिती घेतली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. कुणी तिशीतली, कुणी त्याहून लहान. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं. बऱ्याचदा औषधाने बरा होणारा जंतुसंसर्ग असायचा. फडात पाणी नाही, संडास नाही, पाळीत आराम नाही. एक दिवस कामावर नाही गेलं की मुकादमाकडे खाडा पडतो आणि दंड उचलीत धरला जातो. अशा बाईला ‘एकदाची काढून टाकली की कटकट गेली’ हे वाक्य पटतं. डॉक्टरचं मत आणि फडाचा नियम एकाच जागी येऊन मिळाले आणि तिचं शरीर मध्ये सापडलं. बीजकोशही काढले असतील तर कमी वयात हाडं ठिसूळ होतात, सांधे धरतात, आणि कोयता पुढच्या हंगामात पुन्हा हातात घ्यावाच लागतो.

बीडमध्ये उपाय झाला तो नियमाचाच. खाजगी रुग्णालयाने गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 5 एप्रिल 2023 रोजी सगळ्या राज्यांना याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. छत्तीसगड-बिहारमध्ये तर सरकारी आरोग्य विम्याचे पैसे मिळतात म्हणून पिशव्या काढल्याचे आरोप होते. विम्याचा नियम कधी नको ते ऑपरेशन थांबवतो, कधी तोच ते घडवून आणतो. फरक पडतो तो यादीत काय लिहिलंय आणि ती तपासणारं कुणी आहे का यावर.

गावातल्या नोकरदार मुलांकडे आता मेडिक्लेमही असतो, आणि त्याची गणितं वेगळी. योजनेत हॉस्पिटलला ऑपरेशनची एक ठरावीक रक्कम मिळते, मग मुक्काम तीन दिवसांचा असो की सातचा. त्यामुळे हात आखडण्याकडे कल जातो. मेडिक्लेममध्ये बिल ओळीओळीने वाढतं, म्हणून तपासण्या आणि दिवस वाढण्याकडे कल. पॉलिसीत ‘हॉस्पिटल’ या शब्दाचीही व्याख्या असते. नोंदणी नसलेल्या ठिकाणी दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात निदान दहा खाटा, चोवीस तास शिकलेल्या परिचारिका आणि डॉक्टर, सुसज्ज शस्त्रक्रियागृह असावं लागतं. तालुक्याच्या लहान दवाखान्यात दोन दिवस सलाईन घेऊन बरं झालेल्या माणसाचा दावा इथेच अडकतो. मग पुढच्या वेळी साध्या तापालाही लोक मोठ्या शहरात जाऊन भरती होतात.

खोलीभाड्याची अट तर बिल हातात येईपर्यंत कळतच नाही. समजा विमा तीन लाखांचा आणि खोलीभाडं त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये. आईला बरं वाटावं म्हणून मुलाने 6,000 ची खोली घेतली. बिल झालं 1,20,000. त्यात 40,000 औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटचे, बाकी 80,000 खोली, सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्सिंगचे. मुलाला वाटतं, आपल्याला भाड्यातला फरक तेवढा भरावा लागेल. पण खोली दुप्पट घेतली म्हणून ते सगळे 80,000 निम्मे होतात. घरातून भरायचे 40,000.

विमा नियामकाने 29 मे 2024 च्या परिपत्रकात कंपन्यांना कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायला सांगितलं. दावा नाकारायचा तर तो कंपनीच्या समितीपुढे गेल्याशिवाय नाकारता येत नाही, आणि नाकारल्यावर विमा लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. हॉस्पिटलांसाठीही राज्याने जानेवारी 2021 मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक केलं. पुढच्या वेळी खाजगी दवाखान्यात गेलात तर भिंतीवर ते शोधा. नसेल तर मागा.

आणि सही. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर आपल्याकडे बहुधा मुलगा, नवरा किंवा भाऊ सही करतो आणि ज्याच्या अंगावर चाकू चालणार तो पलंगावर पडून छताकडे बघत असतो. सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी समीरा कोहली यांच्या खटल्यात यावर स्पष्ट निकाल दिला. 44 वर्षांच्या या बाईंनी दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. त्या भुलीत असतानाच डॉक्टरांनी त्यांच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढले. निदान कदाचित बरोबर असेल, हेतू कदाचित चांगला असेल, तरी जिवावर बेतलेलं नसताना शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिलाच विचारायला हवं होतं, असं न्यायालयाने ठरवलं. आजार काय, उपाय काय, दुसरे पर्याय कोणते, काहीच केलं नाही तर काय होईल, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगितल्यावर मिळालेली संमतीच खरी.

अंतरवालीच्या मंडपात जो हक्क कॅमेऱ्यांसमोर पाळला गेला तोच हा हक्क. तो वापरायला मात्र कागद हातात लागतात. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत त्याचे वैद्यकीय कागद द्यायचे, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला 2002 पासूनचा नियम आहे. गावाकडे प्रत्येक घरात प्लास्टिकची एक पिशवी असते. तीत रेशनकार्ड, आधार आणि सातबाऱ्याच्या जोडीला कुणाचा तरी जुना एक्स-रे गुंडाळून ठेवलेला असतो. अँजिओग्राफीची सीडी आणि डिस्चार्जचा कागदही त्याच पिशवीत जायला हवा. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना ती पिशवी सोबत न्यावी, आणि बोलताना मुलाने जरा मागे थांबून बापाला आधी बोलू द्यावं.